साखळीकराची साखळी: बर्फात गाडी नेण्याआधी गोव्यातच करायची तयारी

मी राहतो गोव्यातल्या साखळी गावाला. त्यामुळे गाडीच्या चाकांना बांधायच्या साखळ्यांवर मी बोलायला लागलो की लोक आधी हसून घेतात. मग विचारतात, मासळीच्या टोपलीवरचा सोडून बर्फ तू बघितलास कुठे? चूक नाही त्यांचं. आमच्या डिचोली-सत्तरीत जानेवारीच्या पहाटे फार तर गोधडी ओढून घ्यावी लागते. पण हल्ली नाताळानंतर जीए पाटीच्या गाड्या चोर्ला घाट चढून थेट हिमाचलचा रस्ता धरतात. सुमारे अडीच हजार किलोमीटर, घरचेच दोघे आळीपाळीने चालवणार, डिकीत काजू आणि सुकं बांगडं. निघायच्या चार दिवस आधी मला फोन येतो, "अरे, चेन कुठची घेऊ?"

चार दिवस आधी हा फोन म्हणजे उशीरच झालेला असतो. मी स्वतः यात पोळलोय म्हणून सांगतो.

पहिल्या खेपेला मी इथून काहीच घेऊन गेलो नव्हतो. वाटलं, तिथे मिळतात, तिथल्या लोकांना जास्त कळतं. ठियोगच्या पुढे नारकंड्याच्या वाटेवर बर्फ लागला. रस्त्याकडेला एकाने साखळ्या भाड्याने लावल्या होत्या. मापाचं विचारलं तर म्हणाला, "सब में लग जाती है, साहब." लागली खरी. तीनशे मीटर गेलो असेन, पुढच्या उजव्या चाकातून ठक... ठक... ठक सुरू झालं. मला वाटलं साखळी अशीच वाजत असणार. वेग जरा वाढला तशी ठकठकीची टकटक झाली आणि डॅशबोर्डवर एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पेटला. उतरून बघतो तर साखळीचं सुटं टोक हातभर लोंबत होतं. त्याने मडगार्डच्या आतलं प्लास्टिक फाडलं होतं आणि चाकाजवळच्या सेन्सरची वायर सोलून काढली होती. ब्रेकची नळी तिथून दोन बोटांवर. ते दोन बोटांचं अंतर आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

साखळी मजबूत होती. फक्त ती माझ्या चाकाची नव्हती. म्हणून या लेखात ब्रँड कुठला यावर कमी आणि माप व सराव यांवर जास्त बोलणार आहे. ही दोन्ही कामं आपल्या अंगणातच होतात.

आधी ठरवा, लागणार आहे का

मनाली गाव सुमारे २०५० मीटरवर आहे. तिथे बर्फ पडतो, पण दिवसचे दिवस रस्ता मोकळाही असतो. खरी गंमत पुढे, सोलंगपासून. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि ३००० मीटरच्या वर आहे. अलीकडच्या तोंडाशी ऊन असतं आणि पलीकडे लाहौलात सिस्सूला पोचावं तर बर्फ भुरभुरत असतो, हे मी दोनदा अनुभवलंय. डोक्यावरची रोहतांग खिंड ३९७८ मीटर उंच. ती हिवाळ्यात बंदच असते, तिचा विचार सोडा. ताजा बर्फ पडला की मनालीच्या पुढे नेहरू कुंड-सोलंगच्या पट्ट्यात पोलीस बहुतेकदा फोर बाय फोर आणि साखळीवाल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. काश्मीरला गेलात तर तंगमर्गहून गुलमर्गला चढताना हिवाळ्यात साखळी लागतेच. साधी गाडी खालीच ठेवायची आणि साखळी लावलेली स्थानिक जीप घ्यायची, हा तिथला नेहमीचा शिरस्ता.

माझं स्पष्ट मत असं: बर्फ बघायचा, मुलांना त्यात लोळवायचं आणि परत यायचं एवढाच बेत असेल तर गाडी हॉटेलवर ठेवा आणि तिथला ड्रायव्हर घ्या. त्याने हा रस्ता वीस हिवाळे चालवलाय. आपण चोर्ला घाटात धुक्यातून गाडी काढतो, तरी त्या अनुभवाची इथे बरोबरी होत नाही. साखळी घ्यायची ती वेगळ्या प्रसंगासाठी. तुम्ही रात्री कोरड्या रस्त्याने होमस्टेला पोचलात आणि सकाळी दार उघडलं तर गाडी टोपी घालून बसलेली, खालच्या मोकळ्या रस्त्यापर्यंत चार किलोमीटर उतार. ते चार किलोमीटर सुखरूप उतरायला साखळी लागते. साखळी आहे म्हणून आणखी वर जायचं, हा उलटा हिशेब करणारे मी बघितलेत. टोचन लावून खाली येतानाही बघितलेत.

रबर आणि बर्फ

खाणी जोरात चालायच्या तेव्हाचे डिचोली-साखळीचे रस्ते ज्यांना आठवतात त्यांना निसरडं म्हणजे काय हे सांगायला नको. ट्रकांतून सांडलेली लाल माती, त्यावर जूनची पहिली सर, आणि वळणावर स्कूटर आडवी. बर्फ तसाच, पण जास्त फसवा. आकड्यांत सांगतो. ३० किलोमीटरच्या वेगात कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक दाबला तर गाडी साधारण ५ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच वेगात १८ मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ३५ मीटर. यात तुमचा पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळ धरलेलाच नाही.

म्हणून "माझी फोर बाय फोर आहे" या वाक्याला मर्यादा आहे. चारही चाकं ओढतात, त्यामुळे गाडी सुटते छान, चढते छान. थांबताना मात्र हॅचबॅकलाही चार चाकं आणि तिलाही चारच. उलट गाडी जड, म्हणजे थांबवायचं ओझं अधिक.

आपल्याकडे मिळणारे नेहमीचे टायर उन्हाळी रबराचे. साधारण ७ अंशांच्या खाली ते रबर कडक होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खाचांत घुसायचं सोडून वरून घसरायला लागतं. थंडीचे खास टायर वेगळ्या मऊ मिश्रणाचे असतात, त्यांच्या नक्षीत सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओळखायची खूण म्हणजे टायरच्या कुशीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल. ही खूण चाचणीनंतरच मिळते. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर फार हुरळू नका, ते लिहायला बर्फावरची चाचणी सक्तीची नाही. आपल्याकडे असे टायर दुकानात सहज मिळत नाहीत. आणि आठ दिवसांच्या सहलीसाठी घेतले तरी परत आल्यावर मेच्या उन्हात पणजीच्या रस्त्यावर ते मऊ रबर भराभर झिजणार. मी घेतले नाहीत, कोणाला घ्या म्हणत नाही.

तुमच्याच टायरची नक्षी मात्र बघा. कायद्याने १.६ मिलीमीटरपर्यंत चालते. खाचेच्या तळाशी रबराचा बारका उंचवटा असतो, नक्षी झिजून त्याला टेकली की टायर संपला. बर्फासाठी ही सीमा बिनकामाची आहे. किमान ४ मिलीमीटर हवी, नाहीतर बर्फ दाबून पकडायला खाचेत जागाच उरत नाही. गोटा झालेल्या टायरवर साखळी चढवून काम भागेल असं समजू नका, कारण प्रवासातले निम्म्याहून जास्त किलोमीटर साखळीविनाच जाणार आहेत.

हवेचं एक कोडं सांगतो, मला त्यात मजा वाटते. साखळी गावात ३० अंशांत ३३ पौंड भरून निघालात आणि मनालीत सकाळी उणे ५ अंश आहेत. थंडीने हवा आकसते, त्या हिशेबाने पाच-साडेपाच पौंड उतरायला हवेत. पण तिथे उंचीमुळे बाहेरच्या हवेचा दाबही कमी, आणि गेज नेहमी आतल्या-बाहेरच्या दाबातला फरकच दाखवतो. म्हणून गेजवर दोन-अडीच पौंडच कमी दिसतात. खाली मैदानात परत आलात की हिशेब पुन्हा फिरतो. तेव्हा अंदाज बांधत बसू नका, दोनशे-तीनशे रुपयांचा गेज डिकीत ठेवा आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा. कंपनीने दाराच्या चौकटीवर जो आकडा दिलाय तोच ठेवा. पकड वाढावी म्हणून हवा काढायचा वाळूतला उपाय इथे करू नका, साखळी सैल पडते.

माप: गाडीखाली अर्धा तास

आता मुख्य काम. आधी टायरच्या कुशीवरचे तीन आकडे लिहून घ्या. समजा १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलीमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. साखळीच्या डब्यावर मापांची यादी असते, तिच्यात हे तिन्ही आकडे जसेच्या तसे असले पाहिजेत. "१५ इंची आहे, चालेल" हे चालत नाही. १५ इंची रिमवर बोलेरोचा जाडजूड टायरही बसतो आणि साध्या हॅचबॅकचाही. आकडे टायरवरूनच घ्या, कागदपत्रांवरून घेऊ नका. आपल्याकडे गाडी घेतल्यावर महिनाभरात अलॉय बदलून रुंद टायर चढवणारे पुष्कळ. जागा कमी व्हायचं पहिलं कारण तेच.

मग गाडीचं मॅन्युअल उघडा. ते ग्लोव्हबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कोरं करकरीत पडलेलं असतं. टायर साखळीबद्दल त्यात एक परिच्छेद असतो: कुठल्या चाकांना लावायची, किती जाडीपर्यंत चालेल. काही गाड्यांत ठरावीक मापाच्या टायरवर साखळी लावूच नका असंही लिहिलेलं असतं. तसं असेल तर साखळीचा विचार तिथेच थांबवा. साखळीऐवजी टायरला घालायच्या कापडी मोज्याबद्दल मॅन्युअल काय म्हणतं ते बघा.

आता गाडी सपाट जागी उभी करा, हॅंडब्रेक ओढा, जुनं गोणपाट अंथरा आणि टॉर्च घेऊन चाकामागे बघा. सुताराकडून १२ मिलीमीटर प्लायचा बोटभर तुकडा आणून ठेवा. टायरची आतली कूस आणि शॉकॲब्सॉर्बरचा दांडा यांच्यामध्ये तो सरकतो का? दांड्यावर स्प्रिंग बसवायची जी ताटली असते ती पुष्कळ गाड्यांत टायरच्या डोक्याला अगदी लागून असते, तिथे सरकतो का? मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून तेच बघायचं, पूर्ण उजवीकडे फिरवून तेच. ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर कुठून जाते ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माझ्या गाडीत सरळ चाकाला तुकडा आरामात गेला, स्टिअरिंग वळवल्यावर अडकला. नारकंड्याला झालं होतं ते नेमकं वळणावरच.

साखळ्यांवर ७, ९, १२ किंवा १६ मिलीमीटर असा आकडा असतो. टायरच्या बाहेर साखळी किती जागा खाते त्याचा तो आकडा. प्लायचा तुकडा सगळीकडे ऐसपैस फिरला तर ९ ची साखळी घ्या. कुठे अडखळला तर ७ ची, किंवा पोलादी दोरीची, किंवा कापडी मोजे. १२-१६ या जाड साखळ्या उंच जीपगाड्यांसाठी. परदेशी मालावर कधी 'क्लास एस' लिहिलेलं असतं. टायरच्या वरच्या अंगाला किमान ३७ आणि आतल्या कुशीला १५ मिलीमीटर जागा असलेल्या गाडीला तो माल चालतो, असा त्याचा अर्थ. आपल्या बहुतेक छोट्या गाड्या याच तंग जागेच्या वर्गातल्या.

शिडी की शंकरपाळी

दुकानात दोन मुख्य नक्ष्या दिसतील. एकीत दोन लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या पायऱ्या, हुबेहूब शिडी. स्वस्त, दणकट, दुरुस्तीला सोपी. ट्रकवाले हीच वापरतात. पण दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत रबर थेट बर्फावर टेकतं, म्हणून गाडी दणके देत चालते, आणि आडवी घसरायला लागली की या पायऱ्या फारसं धरत नाहीत. दुसरीत टायरवर शंकरपाळीच्या आकाराचं जाळं तयार होतं. कुठल्याही क्षणी लोखंडाचा काही भाग जमिनीला टेकलेला असतो. वळणावर, आडव्या उतारावर ती चांगली धरते आणि दणकेही कमी देते. घाटरस्त्याला आणि घरच्या गाडीला शंकरपाळीच घ्या. किमतीतला फरक आहे, पण अडीच हजार किलोमीटरच्या पेट्रोलपुढे तो काहीच नाही.

घेताना कडी हातात धरून बघा. गोल तारेच्या कडीपेक्षा चौकोनी किंवा एका बाजूने चपट्या कडीला धार असते, ती गोठलेल्या थरात रुतते. डब्यावर ऑस्ट्रियाचं 'ओनॉर्म व्ही ५११७' किंवा युरोपचं 'ईएन १६६६२' हे मानक छापलेलं असेल तर माल परीक्षेतून गेलेला असतो. गोव्यात अशी साखळी दुकानात सहजी मिळायची नाही. ऑनलाइन मागवावी लागते, नाहीतर वाटेत दिल्लीत कश्मीरी गेटच्या गाडीसामानाच्या बाजारात बघता येते. मी म्हणेन मागवाच, आणि महिनाभर आधी. दिल्लीत घेतलीत तर अंगणातला सराव हुकतो.

कापडी मोजे म्हणजे टायरला घालायची जाड विणीची पिशवी. ते हलके असतात, पाच मिनिटांत चढतात, आवाज करत नाहीत आणि तंग जागेतही बसतात. ताज्या बर्फावर उत्तम. पण मध्ये दोन किलोमीटर उघडं डांबर लागलं की फाटायला लागतात, आणि कडक गोठलेल्या थरावर लोखंडाची सर त्यांना येत नाही. जागा नसलेल्या गाडीला हाच मार्ग. इतरांनी दुसरा पर्याय म्हणून जवळ ठेवायला हरकत नाही.

रिमच्या भोकातून ओवून टायरभोवती आवळायचे प्लास्टिकचे पट्टे ऑनलाइन सगळ्यात जास्त खपतात. स्वस्त आहेत ना. अलॉयच्या दांड्यांमध्ये जागा असेल तरच ते ओवता येतात, साध्या पत्र्याच्या रिमला बहुधा जातच नाहीत, आणि आत ब्रेकच्या कॅलिपरला घासले तर तुटतात. चिखलात रुतलेलं चाक चार फूट पुढे काढायला ठीक. त्यांच्या भरवशावर घाट उतरू नका. खिळ्यांच्या टायरबद्दल कोणीतरी विचारतोच. आपल्याला त्याचं काही काम नाही.

कुठल्या चाकांना

ओढणाऱ्या चाकांना. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि क्रेटा-नेक्सॉनच्या जातीच्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा मागच्या. फोर बाय फोरला मॅन्युअल सांगेल ते, आणि परवडत असेल तर चारही.

इथे एक धोका आहे. पुढच्या दोनच चाकांना साखळी असली तर उतारावर ब्रेक दाबताच पुढचा भाग धरतो, मागचा धरत नाही, आणि गाडीची शेपटी फिरते. म्हणजे चढायला पुढची जोडी पुरते, तीव्र उताराला अपुरी पडते. ज्यांचं हॉटेल खड्या उताराच्या माथ्यावर आहे त्यांनी दोन जोड्या घ्याव्यात, किंवा हॉटेल बदलावं. दुसरा उपाय स्वस्त आहे.

अंगणातला सराव

साखळी आली की डबा तसाच डिकीत टाकायचा नाही. मी पहिल्यांदा अंगणात पसरली तेव्हा शेजारचे काका गडग्यावरून डोकावून म्हणाले, "हें कितें रे? बार्ज बांदपाक हाडलां काय?" तासाभराने त्यांनाच गोणपाटावर बसवून मी आकडा लावायला शिकवत होतो.

पद्धत अशी. साखळी जमिनीवर पसरून प्रत्येक पीळ काढा, एकही कडी उलटी राहू देऊ नका. शंकरपाळीच्या साखळीला आतून एक लवचीक कडं असतं. ते उघडून चाकाच्या मागून सरकवायचं, दोन्ही टोकं वर आणायची आणि टायरच्या डोक्यावर आतल्या अंगाला जोडायची. पुष्कळ साखळ्यांत या टोकांना एकाच रंगाची खूण असते. मग कडं टायरच्या मागे पूर्ण ढकलून द्यायचं. मागे हात घालून ते सगळीकडून आत पडलंय याची खात्री करा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने बघितलंत तर आणखी बरं. सगळ्या चुका याच जागी होतात. त्यानंतर बाहेरचा आकडा जोडायचा, ताणाची साखळी कुलपातून ओढून घट्ट करायची आणि उरलेलं टोक रबराच्या आकड्याने साखळीतच अडकवायचं. लोंबतं ठेवायचं नाही, माझी वायर त्यानेच सोलली. आकड्यांची उघडी तोंडं टायरकडे ठेवू नका, बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे रबरात रुतत नाहीत. जॅक लावायची गरज नसते.

मग मातीवरून गाडी चारपाच मीटर पुढे घ्या, थांबा, पुन्हा ताणा. सिमेंटच्या अंगणात चालवू नका, फरशीही जाते आणि कडीही. मातीवरही चार फेऱ्यांच्या वर नको.

दोन-तीनदा जमलं की खरी परीक्षा. मी मासळीबाजारातून दोन किलो बर्फ आणला, बादलीत पाणी घालून टाकला आणि दोन्ही हात जमेल तितका वेळ बुडवून धरले. मग ओले रबरी हातमोजे घालून, अंगणातला दिवा मालवून, डोक्याला टॉर्च बांधून साखळी चढवायला बसलो. पहिल्या चाकाला बावीस मिनिटं. बोटांना आकडा लागतच नव्हता, कडी धरलीय की सुटलीय तेच कळेना. चौथ्या रात्री सात मिनिटांवर आलो. घरातून आवाज आला, "झालं का, की आता घरभर बर्फ पाडणार?" पण पुढच्या खेपेला कुफरीजवळ खऱ्या थंडीत नऊ मिनिटं लागली तेव्हा मागच्या सीटवरून कोणी काही बोललं नाही.

या सरावातूनच सामानाची यादी आपोआप होते: गोणपाट, रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या, डोक्याचा टॉर्च, छोटं फावडं, ओढायचा दोर. गोणपाटाचा दुसरा उपयोग म्हणजे चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की त्याच्या पुढ्यात सारायचं. फक्त कोणाला चाकामागे उभं राहू देऊ नका, गोणपाट गोळीसारखं मागे उडतं.

प्रत्यक्ष रस्त्यावर

साखळी लावायची ती अडकण्याच्या आधी, सपाट आणि रुंद जागी, वळणापासून लांब. पार्किंगचे दिवे चालू ठेवून, दुसऱ्या माणसाला मागून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायला उभं करून. चढावर चाक फिरत राहिल्यावर लावायला बसलात तर गाडी आणि तुम्ही दोघेही रस्त्याच्या मधोमध. लावून झाली की पन्नास-शंभर मीटरवर थांबून पुन्हा ताणायची. ही पायरी कंटाळा आला म्हणून गाळू नका.

वेग ३०-४०. बहुतेक साखळ्यांची कमाल मर्यादा ५० असते, पण तिथवर जायचं कारणच काय? दुसऱ्या गिअरमध्ये हळूच सुटा. उतरताना खालच्या गिअरवर इंजिनला गाडी धरू द्या. गाडी बर्फातून सुटतच नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरता बंद करा, कारण तो चाक फिरताच इंजिनची ताकद तोडतो. सुटल्यावर लगेच चालू. ठकठक ऐकू आली तर जागीच थांबायचं, हे मला वेगळं सांगायला नको.

सकाळी दहापर्यंत सावलीतली वळणं आणि पूल यांच्यावर रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो गोठलेला. ब्लॅक आइस म्हणतात तो हाच. त्याच्यासाठी साखळी चढवत बसणं शक्य नसतं, उशिरा निघणं शक्य असतं. ऊन पडेपर्यंत चहा प्या. आणि उघडं डांबर लागलं की साखळी काढायची. एका सकाळी तीनदा काढघाल झाली तर चिडू नका. डांबरावर कड्या झिजतात, तुटलेली कडी मग नळीपर्यंत जाते.

साखळीचा विषय नाही, पण आपल्याकडच्या गाड्यांना हमखास नडतं म्हणून: रेडिएटरमध्ये साधं पाणी भरत आला असाल तर निघण्याआधी कूलंट बदला, पाणी गोठून इंजिन फुटू शकतं. डिझेलवाल्यांनी वर पोचल्यावर तिथलंच डिझेल भरावं. रात्री हॅंडब्रेक ओढून ठेवू नका, सकाळी तो गोठून धरलेला असतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

घरी आल्यावर

बर्फाने साखळी जितकी खराब होत नाही तितकी आपल्या खाऱ्या, दमट हवेने होते. आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा, एकेक कडी बघा. जिथे ती निम्मी झिजलीय किंवा आकडा वाकलाय ती जोडी बाद. मग जुन्या इंजिन ऑइलचा हात फिरवून गोणपाटात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. माझी जोडी माळ्यावर माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीच्या, लाकडांशेजारी असते. चतुर्थीला लाकडं खाली काढतो तेव्हा तीही खाली येते, गंज बघतो, तेल लावतो आणि परत चढवतो. पावसाळा संपायच्या आत हे झालं की डिसेंबरला फक्त टायरचे आकडे पुन्हा ताडून बघायचे राहतात. मधल्या काळात टायर बदलले असतील तर प्लायचा तुकडा घेऊन परत गाडीखाली.